«बाबा गेले, आता भाऊ काय करील?»

प्रिय बंधू,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. कपाटातले पैसे तुम्ही उचलले, आळ धाकट्यावर आला, तुम्ही गप्प बसलात आणि त्याला घर सोडावं लागलं. पुढे तो परतला, सगळं कळल्यावर "जाऊ दे, दादा" एवढंच म्हणाला. आता वडील गेले, दिवसकार्यानंतर त्याचा फोन नाही. अशात प्रार्थनेत बायबलमधल्या उत्पत्तीचा 50वा अध्याय वाचला गेला आणि तुमची झोप उडाली. उडणारच!

योसेफाला भावांनी विकलं, पुढे तो मिसरात (इजिप्तमध्ये) मोठा अधिकारी झाला आणि बाप याकोबासह सगळं कुटुंब त्याच्याकडे राहायला आलं. याकोब वारल्यावर त्या भावांना नेमकी हीच भीती होती: बाप गेला, आता हा उट्टं काढील. याकोब मिसरात 17 वर्षं जगला. तेवढी सगळी वर्षं योसेफानं त्यांना पोसलं, तरी ती भीती गेली नव्हती. का? मला विचाराल तर, तो योसेफ आहे हे कळल्यावर त्यांनी त्याच्यासमोर चूक कबूल केल्याचं तोवर कुठेच दिसत नाही. योसेफानं ओळख दिली, गळ्यात पडून रडला, "खंत करू नका" म्हणाला. माफी मागण्याआधीच मिळाली, म्हणून ती त्यांना कधी आपली वाटलीच नाही. तुमच्या "जाऊ दे"चंही तेच झालंय.

आणखी एक पाहा. 37व्या अध्यायात भाऊ त्याला खड्ड्यात टाकून जेवायला बसतात. तिथे योसेफाचा आवाज नाही. तो काकुळतीनं विनवण्या करत होता हे आपल्याला कळतं थेट 42व्या अध्यायात, भावांच्याच तोंडून. म्हणजे ते ओरडणं इतकी वर्षं त्यांच्या कानात होतं. धाकटा पिशवी घेऊन दारात उभा होता, असं तुम्ही लिहिलंय. त्या पिशवीचा बंद तुटला होता हेसुद्धा तुम्हाला आठवतंय.

आता तुमचा प्रश्न: 'भांडू नका, ही बाबांची शेवटची इच्छा होती' असं आत्याकडून त्याला कळवू का? नको. भावांनी अगदी हेच केलं. निरोप धाडला, तोही बापाच्या नावावर, आणि बाप तसं बोलल्याचं शास्त्रात कुठेही नाही. तो निरोप ऐकून योसेफ रडला. का रडला ते लिहिलेलं नाही. पण 17 वर्षांनंतरही आपल्यावर विश्वास नाही, हे कुणालाही लागेलच.

त्याचा फोन येत नाही तो रागानं की दुःखानं, हे मी इथून सांगू शकत नाही. त्याचेही वडील गेलेत. तुम्ही स्वतः जा. "पैसे मी घेतले होते, तुला घालवलं तेव्हा मी गप्प बसलो" एवढंच बोला आणि थांबा. "माफ केलंस ना?" असं विचारू नका, नाहीतर तुमचं समाधान करायचं कामही त्याच्याच गळ्यात पडेल. आणि "देवानं त्यातून चांगलंच केलं" हे तर चुकूनही नको. ते वाक्य योसेफाचं आहे, भावांचं नव्हे. आणि त्यानंही आधी "तुम्ही माझं वाईट योजलं होतं" हे स्पष्ट म्हटलं, मगच ते वाक्य उच्चारलं.

तो कदाचित चिडेल. चिडू द्या, ऐकून घ्या. घराच्या कागदांचा विषय मात्र त्या दिवशी काढू नका.

तुमची,
ताई