स्थानिक सांस्कृतिक इतिहासासाठीचा शहराचा पुरस्कार कोणाला द्यावा?

आपली नगरपालिका शहराचा सांस्कृतिक इतिहास जपणाऱ्या व्यक्तीला दरवर्षी पुरस्कार देणार आहे आणि मानकरी निवडताना काय पाहावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ज्याने विखुरलेले काही गोळा केले, त्याची नोंद ठेवली आणि ते इतरांना पाहण्यासाठी खुले केले, त्याचा मान पहिला. व्याख्यात्यांना आणि ग्रंथकारांना व्यासपीठे पुष्कळ आहेत.

आपल्या मराठवाड्यातच याचे मोठे उदाहरण आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांतून निघणारे मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवल्या नसत्या, तर त्यातले कितीतरी मातीमोल झाले असते. रोमन जगाशी असलेल्या व्यापाराच्या संदर्भात जिची चर्चा होते, ती हस्तिदंती बाहुली याच संग्रहातली. आज तेरचे शासकीय संग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

आपल्याकडे १९४८ पर्यंत निजामाचा अंमल असल्याने घराघरांतली जुनी कागदपत्रे मोडी लिपीत, फारसीत आणि उर्दूत आहेत, आणि ती वाचणारे फार थोडे उरले आहेत. असा एखादा वाचक गावात असेल, तर त्याला शोधून काढाच. तो स्वतःहून अर्ज करणार नाही. म्हणून शिफारस करण्याची मुभा कोणाही नागरिकाला असावी. परभणी जिल्ह्यातील वालूरची चक्राकार बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, गावकऱ्यांनी श्रमदानाने गाळ काढून मोकळी केली, हे ध्यानात घेऊन पुरस्कार एकट्यालाच न देता गटालाही देता येईल, अशी तरतूद ठेवावी.

समितीने घरी जाऊन काम पाहावे, असा माझा आग्रह आहे. जात्यावरच्या ओव्यांची वही समोर आली, तर ओवीखाली गाणारीचे नाव, तिचे माहेर आणि सासर लिहिले आहे का, ते बघा. कारण गाणारी माहेराहून सासरी गेली की तिच्याबरोबर ओवीही गाव बदलते आणि नाव नसेल तर तिचा माग तिथेच तुटतो. जुन्या छायाचित्रामागे वाडा कोणाचा, माहिती कोणी सांगितली, एवढे पेन्सिलीने लिहिलेले असले तरी त्या माणसाची शिस्त कळते.

शाल-श्रीफळ अवश्य द्यावे, परंतु रकमेचा मोठा भाग त्या वह्या आणि कागद स्कॅन करून त्यांची एक प्रत नगर वाचनालयात ठेवण्यासाठी राखावा, आणि ही अट पहिल्याच ठरावात लिहून घ्यावी.