नव्या नगराध्यक्षांना

वरच्या सरकारचा कायदा मनाला पटत नसेल तर तो गावापुरता बाजूला ठेवावा का, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर 'नाही' असेच आहे. मुंबई कायदेमंडळाच्या १९२३ च्या ठरावानुसार महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले आणि १९२७ मध्ये, सत्याग्रहानंतर, धर्माची ढाल पुढे करणाऱ्या सनातन्यांच्या दबावाखाली तोच ठराव रद्द केला. पाण्याचा हक्क अखेर १९३७ मध्ये उच्च न्यायालयात शाबीत झाला. त्या सनातन्यांनाही आपली बाजू नीतीचीच वाटत होती, हे मला आजही अस्वस्थ करते. म्हणून तुमचा विरोध कारणांसह इतिवृत्तात नोंदवा, शासनाला लेखी कळवा, न्यायालयात जा. सही करणे अगदीच अशक्य झाले तर राजीनामा द्या, पण फाईल कपाटात दडपून ठेवू नका.