शॉवरचे पाणी कोमटच का येते?

प्रश्न : आमच्या शॉवरला थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह, म्हणजे गरम व गार पाणी मिसळून ठरवलेले तापमान राखणारी झडप, आहे. अलीकडे मूठ पूर्ण गरम बाजूला फिरवली तरी पाणी कोमटच येते आणि मूठही जड झाली आहे. प्लंबर कार्ट्रिज, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतला पाणी मिसळणारा सुटा भाग, बदलायला सांगतात. ते दुरुस्त करता येणार नाही का?

उत्तर : काही अंशी येईल, पण आधी दोष कार्ट्रिजचाच आहे का, हे पाहा. शेजारच्या नळाला गरम पाणी पुरेसे कढत येत नसेल, तर व्हॉल्व्ह तरी ते कोठून आणणार? तिथे पाणी कढत येत असेल, तर गरम पाण्याच्या प्रवेशमार्गावरील बारीक जाळी तपासा. ती गाळाने तुंबली की गरम पाण्याचा ओघ घटतो आणि विनाकारण कार्ट्रिज बदलले जाते.

कार्ट्रिजच्या गाभ्यात एका छोट्या बंद डबीत मेण असते. मिश्र पाणी तापले की ते मेण फुगून दट्ट्याला पुढे रेटते, त्यामुळे गरम पाण्याची वाट आवळली जाते व गार पाण्याची मोकळी होते. पाणी निवले की स्प्रिंग दट्ट्याला मागे आणते. ही डबीच निकामी झाली असेल, तर ती उघडून दुरुस्त करण्याची सोय नाही, नवे कार्ट्रिजच घ्यावे लागते. मात्र तुमची मूठ जड झाली आहे, यावरून मला क्षारांचा संशय अधिक येतो.

गरम व गार दोन्ही पुरवठे बंद करून शॉवर उघडा, म्हणजे नळांतील दाब उतरेल. मोरीच्या जाळीवर फडके टाका. मुठीचा स्क्रू तिथे हटकून पडतो. मूठ काढण्यापूर्वी तिची स्थिती खुणेने नोंदवा. कार्ट्रिज सरळ बाहेर ओढा. त्यावर पांढरा, खरखरीत थर दिसला तर ते पांढऱ्या व्हिनेगरमध्ये काही तास बुडवून ठेवा व मऊ ब्रशने घासा. तारेचा ब्रश वापरू नका, कारण त्याने रबरी कड्यांच्या बैठकीवर चरे पडून पाणी पाझरू लागते. कड्यांना सिलिकॉन ग्रीसच लावा. पेट्रोलियम जेलीने काही प्रकारचे रबर फुगते. कडे चिरलेले असेल, तर ते बदलणेच बरे.

सफाईनंतरही पाणी कोमटच राहिले, तर प्लंबरचे म्हणणे मान्य करा, मात्र नवे कार्ट्रिज त्याच मॉडेलचे घ्या. जुळवताना शॉवरखाली तापमापी धरून मुठीवरची ३८ अंशांची खूण प्रत्यक्ष ३८ अंश सेल्सिअसशी जुळवा. शेवटी शॉवरखाली कोणीही उभे नसताना गार पाण्याचा पुरवठा बंद करून पाहा : व्हॉल्व्ह ठीक असेल, तर गरम पाण्याची धारही काही क्षणांत जवळजवळ थांबते. ती तशीच कढत वाहत राहिली, तर तो शॉवर वापरू नका.