वाचकांचे प्रश्न : साइटवरचं हेल्मेट

प्रश्न : मी छोटा कंत्राटदार आहे. बारा जणांसाठी हेल्मेट घ्यायची आहेत. दुकानात स्वस्तातली आणि महागातली सारखीच दिसतात. घेताना पाहायचं काय? (बारामती)

हेल्मेट हातात घेतलं की आधी उलटं करा. खरं काम आतल्या पट्ट्यांचं असतं. वरून काही पडलं की कवच तो मार पसरवतं, पट्टे ताणले जातात आणि डोक्याला लागणारा दणका कमी होतो. त्यासाठी टाळू आणि कवच यांच्यामध्ये साधारण ३ सेंटीमीटर मोकळी जागा हवी. हेल्मेट डोक्यावर चढवून पट्टे ताणलेले असताना ती राहते का, ते पाहा. पट्टे कवचात जिथे अडकतात त्या खाचा ओढून बघा. सहज निसटत असतील तर ते हेल्मेट तिथेच ठेवून द्या.

मग शिक्का. कारखान्यात आणि बांधकामावर वापरायच्या हेल्मेटचं भारतीय मानक आयएस २९२५ आहे. आयएसआय चिन्हाजवळ हा क्रमांक आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर घालून पाहा. नुसता चिकटवलेला स्टिकर पुरेसा मानू नका.

कवचाच्या आत घड्याळासारखं गोल चिन्ह कोरलेलं असतं. कडेने १ ते १२ आकडे, मध्ये बाण, बाणाच्या दोन्ही बाजूंना एकेक आकडा. बाण ७ कडे असेल आणि बाजूला २ व ४ असेल, तर ते जुलै २०२४ मध्ये बनलेलं आहे. दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला माल सवलतीत मिळतो, तो घेऊ नका.

साध्या बांधकामाला एचडीपीई किंवा एबीएस या टणक प्लास्टिकचं कवच चालतं. भट्टीजवळ, ओतशाळेत काम असेल तर फायबरचं घ्या. वायरमनसाठी हवेची भोकं नसलेलं, धातूचा भाग नसलेलं आणि विजेच्या कामासाठी चाचणी झालेलं घ्या. मागे खिट्टी भोकात अडकवायच्या पट्ट्यापेक्षा फिरवायची चकती असलेलं थोडं महाग पडतं, पण पैसे तिथेच खर्च करा. खिट्टीचं माप बदलायचा माणसाला कंटाळा येतो आणि हेल्मेट सैलच राहतं.

हेल्मेट पुरवणं ही मालकाची जबाबदारी आहे, बांधकाम कामगारांच्या १९९८च्या केंद्रीय नियमांतही तसं स्पष्ट म्हटलं होतं. त्याचे पैसे मजुरीतून कापू नका.

प्रश्न : उन्हामुळे आमची माणसं डोक्याला टॉवेल गुंडाळून वर हेल्मेट घालतात. चालेल का? (जालना)

जाड टॉवेल चालणार नाही. वर सांगितलेली ३ सेंटीमीटरची जागा टॉवेलच्या घड्यांनी भरून जाते आणि दणका सरळ कवटीत उतरतो. तंबाखूची पुडी, मोबाइल, हातमोजे हेल्मेटच्या आत खोचायची सवयही याच कारणाने मोडा. शिवाय टॉवेलावर हेल्मेट उंच बसतं आणि वाकलं की घरंगळतं.

पातळ सुती टोपी किंवा एकपदरी रुमाल घालता येईल. घडी, गाठ मात्र नको. कपाळावरची घामपट्टी बदलता येते, माणशी दोन ठेवा. मानेवर ऊन लागत असेल तर हेल्मेटला मागून अडकवायचं कापड मिळतं.

बसवायची रीत अशी : हेल्मेट आडवं सपाट, पुढची कड भुवयांच्या दोन बोटं वर. हनुवटीचा पट्टा न लावता खाली वाका आणि मान हलवा. पडलं तर चकती एक-दोन दाते आवळा. कपाळावर लाल वळ उमटत असेल तर एक दाता सैल करा. परांचीवर चढताना हनुवटीचा पट्टा लावायचाच. अंबाडा असेल तर तो चकतीच्या खाली येईल असा बांधा, नाहीतर वेणी घाला.

प्रश्न : घमेलं वाहणाऱ्या बायका चुंबळ ठेवतात, त्यांनी हेल्मेट कसं घालायचं? (पनवेल)

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून आभार. हेल्मेटवर चुंबळ आणि घमेलं ठेवणं बरोबर नाही. भाराने पट्टे आधीच ताणलेले राहतात, दणका झेलायला त्यांच्यात काही उरत नाही, आणि घमेलंही डगमगतं. हेल्मेट काढून वाहायला लावणं तर त्याहून वाईट. इथे कामाची पद्धतच बदलायला हवी. जमिनीवर एकचाकी गाडा, वर चढवायला लिफ्ट किंवा कप्पी, थोडंच अंतर असेल तर रांग करून हातोहात घमेली. आणि ये-जा परांचीखालून असेल तर वर फळ्यांचं पक्कं छप्पर घाला.

ते का, ते हिशेबाने पाहा. साइटच्या हेल्मेटसाठी युरोपचं ईएन ३९७ मानक आहे, त्याच्या चाचणीत ५ किलोचं वजन १ मीटरवरून हेल्मेटवर टाकतात. म्हणजे सुमारे ४९ जूल ऊर्जा. ३ किलोची वीट ९ मीटरवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडली, तर ती २६० जूलच्या पुढे जाते. पाचपटीहून जास्त. परांचीच्या कडेला अडसराची फळी आणि खाली जाळी हवीच; नुसत्या हेल्मेटवर एवढा भार टाकता येत नाही.

प्रश्न : मोटारसायकलवरून घरी जाताना साइटचंच हेल्मेट घातलं तर? (चाकण)

नको. दुचाकीच्या हेल्मेटचं मानक वेगळं आहे, आयएस ४१५१. त्यात थर्माकोलसारखा जाड थर असतो, तो पडल्यावर चेपतो आणि कडेचा मारही सोसतो. साइटचं हेल्मेट मुख्यतः वरून येणाऱ्या माराचा विचार करून बनवतात.

प्रश्न : हेल्मेट धुवायचं कसं, आणि टाकायचं कधी? (सोलापूर)

आठवड्यातून एकदा पट्टे खाचांतून सोडवा. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं. साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा आणि सावलीत वाळवा. सिमेंट वाळून बसलं असेल तर ओलं फडकं अर्धा तास ठेवा, मग पुसा. थापीने खरवडलं की चरे पडतात आणि तडा तिथूनच सुरू होतो. पेट्रोल, थिनर, रॉकेल लावू नका. रंग देऊ नका : रंगातला द्रव प्लास्टिक ठिसूळ करतो आणि रंगाखाली तडा दिसत नाही. हवेसाठी भोकं पाडणं तर अजिबात नको. ठेवायची जागा सावलीत असावी, गाडीच्या काचेजवळ किंवा उन्हातल्या सळईच्या टोकावर नव्हे.

महिन्याला एकदा दोन्ही हातांनी कवच बाजूंनी दाबा. सोडल्यावर पटकन मूळ आकारात यायला हवं. कर्रकन आवाज आला, केसासारख्या बारीक रेषा दिसल्या, चकाकी जाऊन पृष्ठभाग खडूसारखा पांढुरका झाला, की ते बाद. पट्ट्यांचे धागे सुटले किंवा घामाच्या मिठाने ते कडक झाले, तर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा आतला संच घाला. दुसरा खाचेत बसल्यासारखा वाटतो, पण दणक्याला निसटतो. धडधाकट दिसला तरी हा संच वर्षाने बदलावा. कवचाची मुदत कंपनीच्या पत्रकात दिलेली असते. रोज उन्हात काम असेल तर ती पूर्ण व्हायची वाट पाहू नका.

एकदा जोराचा मार बसला, की वरून काही दिसत नसलं तरी ते हेल्मेट गेलं. टाकण्याआधी पट्टे कात्रीने तोडा आणि कवच करवतीने मधोमध कापा. भंगारात अख्खं टाकलं तर चार दिवसांत दुसऱ्या साइटवर कुणाच्या तरी डोक्यावर दिसेल.