दीड तासही नाही

"मॅडम, मी ॲडिक्ट आहे. लिहून घ्या," असं म्हणत तो खुर्चीत बसला आणि चार घड्या घातलेला कागद त्यानं माझ्यापुढे सरकवला. इंटरनेटवरची कुठलीशी प्रश्नावली त्यानं स्वतःच सोडवली होती, स्वतःच तपासली होती आणि स्वतःला नापासही करून टाकलं होतं. वय २९, नोकरी व्यवस्थित, लग्नाला दोन वर्षं. पाठवलं होतं बायकोनं. मी अहो-जाहो करायला लागले तर म्हणाला, "तू म्हणा हो. नाहीतर ऑफिसात बसल्यासारखं वाटतं."

(त्याच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मी समुपदेशक आहे. गेमिंगची, म्हणजे व्हिडिओ गेम खेळण्याची, तक्रार माझ्याकडे नवी नाही. कधी आई-वडील मुलाला घेऊन येतात, कधी नवरा-बायको एकमेकांना. प्रश्न एकच असतो : हे व्यसन आहे का? त्यामुळे माझी सुरुवात पाठ झालेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. २०१९ मध्ये ते मंजूर झालं आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. पण लोकांना वाटतं तसा तासांचा आकडा त्यात कुठेच नाही. खेळण्यावरचा ताबा सुटतो का, बाकीची कामं आणि आवडी मागे पडून खेळच वरचढ होतो का, आणि नुकसान दिसत असूनही ते चालूच राहतं का, हे बघायचं. तेही साधारण बारा महिने, आणि रोजच्या जगण्याला चांगलाच धक्का बसेल इतकं. तासांवरून निदान होत नाही हे ठाऊक असूनही मी तासांपासूनच सुरुवात करते, कारण त्यानं माणूस बोलता होतो.

"गेल्या दोन आठवड्यांत किती खेळलास?"

"मोजलं नाही. पण खूप."

"मोजता येतं का?"

त्यानं मोबाईलवर स्टीम उघडलं, म्हणजे कॉम्प्युटरवरचे गेम जिथे विकत घेऊन खेळतात ते ॲप. तिथे खेळाडूच्या पानावर मागच्या दोन आठवड्यांचा हिशेब आपोआप लागलेला असतो. तो त्या पानाकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग फोन माझ्याकडे वळवला. १.४ तास.

"हे चुकलंय," तो म्हणाला. चुकलं नव्हतं. मग आम्ही फोनचा स्क्रीन टाइम काढला. डिस्कॉर्ड (गटागटांनी गप्पा मारायचं ॲप) आणि यूट्यूब मिळून रोजचे साडेचार तास.

"हे काय?"

"हे... गेमबद्दल बोलणं."

पुढे त्याच्या संमतीनं मी त्याच्या बायकोशी फोनवर बोलले. ती म्हणाली, "तो खेळतो त्याचा मला कधीच त्रास नव्हता. मी शेजारी बसून बघायचे, कधी तर रस्ता मीच शोधून द्यायचे. पण तीन-चार महिने झाले, तो खेळतच नाही. फोनमध्ये डोकं घालून अनोळखी लोकांशी भांडतो. जेवता जेवता तोंडातल्या तोंडात उत्तरं पुटपुटतो." व्यसन हा शब्द तिनं वापरलाच नव्हता, तो त्यानं स्वतः आणला होता. कारणही समजण्यासारखं आहे. 'मी जास्त खेळतो' हे सांगणं सोपं असतं. 'मला आता खेळावंसंच वाटत नाही' हे सांगताना आवडच हातातून गेल्याची कबुली द्यावी लागते.

खेळ होता एल्डन रिंग, २०२२ च्या फेब्रुवारीत आलेला. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी इतकंच सांगते : भलंमोठं जग, वाटेवर एकाहून एक अवघड शत्रू, आणि 'सोपं', 'मध्यम', 'कठीण' असं निवडायची सोयच नाही. मरायचं, पुन्हा उठायचं, पुन्हा मरायचं. मी स्वतः अकरा मिनिटं खेळून पाहिला. त्यातली चार पात्राचे केस निवडण्यात गेली. २०२४ च्या जूनमध्ये त्याची पुरवणी आली, ज्याला ही मंडळी डीएलसी म्हणतात. तिचा शेवटचा बॉस, म्हणजे बलाढ्य शत्रू, राडान इतका अवघड होता की चाहत्यांमध्ये उभे दोन तट पडले. एक तट म्हणे हा अन्याय आहे. दुसरा म्हणे तुम्हालाच खेळता येत नाही, 'गिट गुड', म्हणजे आधी नीट खेळायला शिका. त्याच सप्टेंबरमध्ये कंपनीनं अपडेट देऊन त्या बॉसला थोडा सौम्य केला. झालं! वादाला तिसरी फांदी फुटली : त्याला अपडेटच्या आधी मारला की नंतर? नंतर मारला असेल तर तो मारला म्हणायचा का?

आमचा हा तरुण दुसऱ्या तटाचा. नुसता सैनिक नव्हे, डिस्कॉर्डवरच्या एका मोठ्या चाहत्या गटाचा मॉडरेटर, म्हणजे तिथल्या चर्चेवर लक्ष ठेवणारा. नवखे त्याला विचारून खेळत. तो त्यांना शिकवे, आणि कुणी खेळातले मदतनीस आत्मे बोलावून किंवा दुसऱ्या खेळाडूला आपल्या जगात 'समन' करून, म्हणजे मदतीला बोलावून, बॉस मारला, की त्याची खिल्लीही उडवे.

माझा पहिला उपाय अगदी पुस्तकी होता आणि तो साफ फसला. दोन आठवडे डिस्कॉर्ड काढून टाक, असं मी सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यानं ते परत टाकलं. "मी नसलो की तिथे गोंधळ होतो," हे त्याचं कारण. मी त्याला सवय सोडायला सांगत होते, पण त्याच्या दृष्टीनं ती पहाऱ्याची जागा होती, आणि पहारा सोडून जाणारा भित्राच ठरतो. मी हे आधी विचारायला हवं होतं.

मग मी त्याला एक वही करायला सांगितली. एका बाजूला 'खेळलो', दुसऱ्या बाजूला 'बोललो', आणि प्रत्येक नोंदीपुढे नंतर कसं वाटलं त्याचा एक शब्द. 'बोललो'च्या बाजूला बहुतेक ठिकाणी एकच शब्द होता : 'जिंकलो'. आणि त्याच्या पुढच्याच नोंदीत रात्री दोन वाजता झोप न लागल्याचं. दुसऱ्या आठवड्यात त्यानं आपणहून अख्खं पान भरून आणलं. त्यातला हा भाग त्याच्याच शब्दांत :

"या गेममध्ये जमिनीवर दुसऱ्या खेळाडूंनी लिहिलेले निरोप सापडतात. पण मनाला येईल ते लिहिता येत नाही. ठरलेले साचे आणि ठरलेले शब्द, त्यातूनच जुळवायचं. 'पुढे शत्रू', 'उडी मारून बघ' असं. फसवायला खोटे निरोपही लिहितात लोक, पण शिवी देता येत नाही. आणि कुणाला तुमचा निरोप आवडला तर तुमची लाइफ भरते. तुम्ही जिथे असाल तिथे, लढत असलात तरी. कोण होता ते कधीच कळत नाही. मला हा गेम आवडायला लागला तो यामुळे, कठीण होता म्हणून नाही. हे मी ग्रुपवर कधीच लिहिलेलं नाही."

मी ते दोनदा वाचलं. हा मनुष्य स्वतःला कठीणपणाचा राखणदार म्हणवत होता आणि त्याचं प्रेम भलतीकडेच होतं.

तिसऱ्या भेटीत मी त्याला म्हटलं, तुमच्या या जगातला कुणी तुला खरंच थोर वाटतो का, सांग. त्याचा चेहरा उजळला. २०२२ मध्ये एक खेळाडू प्रसिद्ध झाला, टोपणनाव 'लेट मी सोलो हर', म्हणजे 'तिला मी एकटा बघून घेतो'. मलेनिया नावाची बॉस भल्याभल्यांना आवरत नव्हती. हा पठ्ठ्या अंगावर चिलखत नाही, डोक्यावर मडकं, अशा अवतारात लोकांच्या जगात जायचा, त्यांना बाजूला उभं करायचा आणि तिला मारून निघून जायचा. असं त्यानं हजाराहून जास्त वेळा केलं. शेवटी खेळाच्या कंपनीनं त्याला खरीखुरी तलवार भेट दिली.

"म्हणजे खरा शूर."

"प्रश्नच नाही!"

"तो लोकांच्या जगात जायचा कसा?"

"त्याची खूण जमिनीवर असायची. ती बघून लोक त्याला समन करायचे ना."

तो थांबला. मीही काही बोलले नाही. समुपदेशकाला सगळ्यात अवघड जाणारी गोष्ट म्हणजे हाताशी आलेलं वाक्य गिळणं, आणि त्या दिवशी ते मला जमलं. मिनिटभरानं तोच म्हणाला, "म्हणजे हजार जणांनी मदत मागितली होती."

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. राडान त्याच्याकडून मेलाच नव्हता. अपडेटच्या आधी दीडशेच्या आसपास प्रयत्न झाले होते. ग्रुपवर सगळ्यांनी गृहीत धरलं की यानं कधीच मारला असणार, आणि यानं कुणाचा गैरसमज दूर केला नाही. मग अपडेट आला. आता मारला तर तो 'नंतरचा' ठरणार, आणि नंतरच्यांची टिंगल करणाऱ्यांत तर हाच पुढे. मदतीला कुणाला बोलवायची सोय नाही, तो दरवाजा त्यानं स्वतःच बंद केलेला. म्हणून खेळ उघडायचाच नाही. आणि न खेळता चाहत्यांमध्ये उभं राहायचं तर बोलण्याखेरीज दुसरं काय उरतं?

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलरँड यांनी सहकाऱ्यांसोबत २००३ मध्ये आवडीचे दोन प्रकार मांडले. एका आवडीत माणूस मनापासून रमतो, पण ती त्याच्या बाकीच्या आयुष्याशी जुळवून राहते. दुसरी त्याला ओढत नेते, कारण त्याची स्वतःच्या नजरेतली किंमतच तिला टांगलेली असते. वस्तू तीच, खेळ तोच. मी हे त्याला समजावत बसले नाही, पण माझ्यापुरता गुंता सुटला. त्याचं चाहतेपण पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात कधी सरकलं ते त्यालाही कळलं नव्हतं.

त्याला सांगितला तो दुसरा प्रयोग, कारण त्याला हसू यावं असं वाटत होतं. १९७० च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये मानसशास्त्रज्ञ हेन्री टाजफेल यांनी शाळकरी मुलांचे दोन गट केले. मुलांना सांगितलं, तुम्हाला क्ले या चित्रकाराची चित्रं जास्त आवडली, आणि तुम्हाला कँडिन्स्कीची. प्रत्यक्षात वाटणी नशिबावर सोडली होती. मग प्रत्येकाला बाकीच्या मुलांमध्ये पैसे वाटायला सांगितलं. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, इतकंच नाही, तर आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील पण त्यांच्यात-आपल्यात फरक मोठा राहावा, अशाकडे त्यांचा कल दिसला. तो म्हणाला, "मॅडम, हे तर आमचं डिस्कॉर्ड!" मग त्यानंच मला नो मॅन्स स्कायचं सांगितलं. २०१६ मध्ये तो खेळ जूनवरून ऑगस्टवर ढकलला गेला, तर बनवणाऱ्यांना आणि ती बातमी देणाऱ्या पत्रकारालाही जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. "खेळ अजून कुणाच्या हातात पडलाही नव्हता," तो म्हणाला, आणि हे वाक्य स्वतःच्याच कानांवर पडल्यासारखा गप्प झाला.

चाहत्यांना मी नावं ठेवते आहे असं वाटू नये म्हणून एक सांगायला हवं. काउंटर-स्ट्राइक हा एवढा गाजलेला खेळ १९९९ मध्ये हाफ-लाइफ या दुसऱ्या खेळावर चाहत्यांनीच केलेली भर म्हणून सुरू झाला. या माणसानंही नवख्यांसाठी लिहिलेली मार्गदर्शक टिपणं मी वाचली. खेळ न कळणाऱ्या मलासुद्धा ती समजली. चाहत्याच्या हातात खेळ असतो, तोवर तो काहीतरी करत असतो. हातात नुसती बाजू उरली की राखण सुरू होते.

म्हणून घरच्या माणसाबद्दल काळजी घेऊन येणाऱ्यांना मी आता तासांच्या आधी दुसरंच विचारते. तो खेळून उठतो तेव्हा चेहरा कसा असतो? हरल्यावर चिडतो ते सोडा, तेवढं पत्त्यांतही होतं. तो खेळातलं काही तुम्हाला आपणहून दाखवतो का? की गेल्या महिन्यात फक्त कुणीतरी कसा मूर्ख आहे एवढंच सांगितलं? वर्गीकरणातली तिन्ही लक्षणं खरोखर दिसणारी माणसंही माझ्याकडे येतात. झोप, शिक्षण, नोकरी सगळं खेळापायी गेलेली. त्यांना मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते, तिथे वहीवर भागत नाही. पण दोन्ही दुखण्यांना एकच नाव दिलं तर औषधही चुकतं. याला मी खेळ बंद करायला सांगितलं असतं, तर होता तो १.४ तासही गेला असता.

आम्ही ठरवलं ते साधं होतं. मॉडरेटरची जबाबदारी आठवड्यातून चार दिवस दुसऱ्याकडे. आणि एक नियम, जो त्यानंच सुचवला : ज्या गोष्टीवर वाद घालायचा, ती आधी अर्धा तास खेळायची आणि मगच लिहायचं. पहिल्या आठवड्यात त्यानं लिहिलेले वाद एकदम निम्म्यावर आले, कारण अर्ध्या तासानंतर बऱ्याचदा तो लिहायचंच विसरला. दुसऱ्या आठवड्यात मात्र एका रात्री जुनाच प्रकार झाला, तीन वाजेपर्यंत. त्यानं तेही वहीत लिहून आणलं, अक्षर जरा बारीक काढून.

ग्रुपवर खरं सांगायचं की नाही यावर आमचं एकमत झालं नाही. मला वाटत होतं सांगावं. तो म्हणाला, "सगळंच जाहीर करायला हवं का? आधी जाहीर करण्यातच तर गेलो." मला ते पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही. त्यानं एवढंच केलं की मदत मागणाऱ्यांची खिल्ली उडवणं थांबवलं. एकानं त्याला विचारलंही, काय रे, मऊ पडलास का.

शेवटच्या भेटीला तो बायकोला घेऊन आला. आता पुन्हा दोघं शेजारी बसतात. राडान अजून मेलेला नव्हता.

"परवा अगदी मरायला टेकलो होतो," तो सांगत होता, "आणि एकदम लाइफ भरली. माझा कुठला तरी जुना निरोप कुणाला तरी आवडला होता. दोन वर्षांपूर्वीचाही असेल."

"मग मारलास त्याला?" मी विचारलं.

"छे हो! पुढच्या मिनिटाला मेलो."

"मी सांगत होते डावीकडे पळ," बायको म्हणाली.