महासाथीसाठी आग-पुराचाच आराखडा चालेल का?

आपला प्रश्न असा आहे की, कंपनीकडे आग आणि पूर यांसाठी व्यवसाय सातत्य आराखडा (म्हणजे संकटातही कामकाज चालू ठेवण्याची योजना) तयार असताना महासाथीसाठी वेगळा करावा लागेल का. माझ्या मते आराखडा तोच ठेवावा, मात्र ज्या गृहीतकावर तो उभा आहे ते बदलावे. आगीत इमारत जाते, पण माणसे बहुधा दुसऱ्या ठिकाणी बसून काम करू शकतात. महासाथीत इमारत, यंत्रे आणि सर्व्हर शाबूत राहतात. कमी पडतात ती माणसे. त्यामुळे ज्या पर्यायी कार्यालयावर अशा आराखड्यांची भिस्त असते, त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण साथ तिथेही पोहोचलेली असते.

कालावधीचा हिशेबही वेगळा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आरोग्य आणीबाणी ३० जानेवारी २०२० रोजी जाहीर केली आणि ५ मे २०२३ रोजी ती संपल्याचे सांगितले. या काळात लाटा आल्या, ओसरल्या आणि पुन्हा आल्या. म्हणून ‘अमुक दिवसांत पूर्ववत’ असे लिहिण्याऐवजी कमी मनुष्यबळात काही महिने कसे चालवायचे, हे लिहावे लागते.

सुरुवात विभागांपासून न करता कामांपासून करावी. पगार, देयके, ग्राहकांच्या तक्रारी, माल पाठवणे अशा प्रत्येक कामापुढे ते किती दिवस थांबले तर चालेल, ते कोणाकोणाला येते आणि त्यासाठी कोणाची मंजुरी लागते, एवढे तीन रकाने भरले की खरी दुखरी जागा दिसू लागते. मी ज्या कंपनीत हे काम पाहत होतो, तिथे बँकेतील व्यवहारांना मंजुरी देणारे दोघे एकाच खोलीत बसत आणि ते एकाच आठवड्यात आजारी पडले. आमचा आराखडा चांगला जाडजूड होता, पण त्यात तिसरे नाव नव्हते. तेव्हापासून प्रत्येक महत्त्वाच्या कामासाठी तीन नावे असावीत आणि त्यांतले किमान एक वेगळ्या ठिकाणी किंवा वेगळ्या पाळीत असावे, असा माझा आग्रह असतो. अधिकार कोणाकडे जाणार हे आधीच लेखी ठरवावे. आजारी माणसाकडे पासवर्ड मागण्याची वेळ येऊ नये.

ज्यांना घरून काम शक्य नाही, त्यांचे दोन गट करावेत आणि ते एकमेकांना भेटणार नाहीत अशा पाळ्या लावाव्यात. घरून काम करणाऱ्यांच्या बाबतीत सगळे एकाच वेळी जोडले गेले तर व्हीपीएनची, म्हणजे घरून कंपनीच्या यंत्रणेशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या सोयीची, क्षमता आणि तिचे वापर-परवाने पुरतील का, हे आधी तपासावे. कच्च्या मालासाठी एकाच प्रदेशातील दोन पुरवठादार असणे म्हणजे प्रत्यक्षात एकच असणे, कारण निर्बंध प्रदेशावर लागतात. आजारपणाच्या रजेत पगार मिळणार की नाही, हेही स्पष्ट लिहावे. पगार कापला जाईल या भीतीने माणसे ताप लपवून कामावर येतात आणि मग गट वेगळे ठेवण्याचा सारा खटाटोप वाया जातो.

आराखडा कधी लागू करायचा याचे निकष बहुतेक जण लिहितात, पण कंपनीतले निर्बंध कोणत्या क्रमाने उठवायचे आणि पुढची लाट आल्यास ते कोणी परत लावायचे, हे राहून जाते.

रंगीत तालमीसाठी बैठकीतील सादरीकरण पुरेसे नाही. एखाद्या दिवशी महत्त्वाच्या तीन व्यक्तींना फोन बंद ठेवून घरी थांबायला सांगावे आणि संध्याकाळपर्यंत कोणती कामे अडली याची नोंद करावी.