‘नव्वद टक्के झालंय’ म्हणजे नक्की काय झालंय?

रतीबाच्या दुधाचं ॲप, पुण्यातले दोन फ्रीलान्स डेव्हलपर, चार महिने ‘नव्वद टक्के झालंय’ हेच उत्तर. कोड कळत नाही, तर हे फसवतायत की काम खरंच अवघड आहे, असा तुमचा प्रश्न आहे.

बहुतेक वेळा दोन्ही नसतं. उरलेल्या दहा टक्क्यांत काय काय येतं हे कुणी लिहूनच काढलेलं नसतं. त्यामुळे टक्केवारी विचारणं आजपासून बंद करा. कोडिंगचा कोर्सही लावू नका. त्या कोर्सच्या जोरावर त्यांचा कोड तपासता येणार नाही. दुधाचा धंदा मात्र त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतो, आणि तपासणी तिथूनच करायची.

त्याआधी एक काम याच आठवड्यात उरका. डोमेन (वेबसाइटचा पत्ता), सर्व्हर, गिटहबची ऑर्गनायझेशन (कोड जिथे ठेवतात तिथलं कंपनीचं सामाईक खातं), पेमेंट गेटवे (ॲपमधून ऑनलाइन पैसे घेणारी सेवा), ओटीपीच्या एसएमएससाठी टेलिकॉम कंपन्यांकडे करावी लागणारी डीएलटी नोंदणी आणि प्ले स्टोअर ही सगळी खाती कंपनीच्या ईमेलवर, कंपनीच्या नावावर हवीत. डेव्हलपरला आत बोलवायचं, त्याच्या घरात आपण राहायचं नाही. प्ले स्टोअरबाबत एक खाचखळगा आहे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस ठेवावे लागतात. कंपनीच्या खात्याला ही अट नाही, पण त्यासाठी डी-यू-एन-एस क्रमांक, म्हणजे कंपनीची ओळख पटवणारा क्रमांक लागतो. तो आधीच मागवून ठेवा, नाहीतर सगळं तयार असूनही तारीख पुढे जाईल आणि शिव्या डेव्हलपर खाईल.

आता रोजचं काम. दर बुधवारी अर्धा तास डेमो, तोही तुमच्या फोनवर, तुमच्या हातात. त्यांच्या लॅपटॉपवरचा डेमो धरायचा नाही. ‘माझ्या मशीनवर चालतंय’ हे वाक्य तिथेच जन्माला येतं. खऱ्या ग्राहकांपासून वेगळा, फक्त चाचणीसाठीचा स्टेजिंग सर्व्हर मागा आणि मंगळवारी रात्रीपर्यंत नवी आवृत्ती त्यावर चढलेली हवी असं ठरवा. जे बुधवारी बोटाने दाबून चालतं तेवढंच झालं. बाकी शून्य, अर्धंमुर्धं काही नाही.

यात तुमची बाजू म्हणजे काम नीट लिहून देणं. ‘खाडा टाकायची सोय’ एवढ्यावर कुणीही काहीही बनवेल. असं लिहा: ग्राहकाने रात्री १० च्या आत खाडा टाकला तर उद्याचं दूध बंद आणि बिलातही नाही. १० नंतर टाकला तर ‘खाडा परवापासून लागू’ असा संदेश. दोन लिटरचं एक लिटर फक्त रविवारपुरतं करता आलं पाहिजे. शिल्लक संपली तर दूध चालू ठेवायचं की नाही, आणि किती रुपयांच्या उधारीपर्यंत? नेट गेलं आणि बटण दोनदा दाबलं गेलं तर खाडा एकदाच लागला पाहिजे. अशा पाच-सहा ओळी लिहायला वीस मिनिटं लागतात. त्या नसल्या की उत्तरं डेव्हलपर मनाने देतो, आणि ती चुकलेली तुम्हाला महिन्याच्या बिलात कळतात.

याच धंद्यातला एक बग, म्हणजे कोडमधली चूक, आवर्जून शोधा. सर्व्हरचं घड्याळ सहसा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. पहाटे ५ ला पोहोचवलेल्या दुधाची नोंद तिथे आदल्या दिवसाच्या रात्री साडेअकराला पडते. तारीख भारतीय वेळेनुसार बदलून घेतली नसेल तर प्रत्येक लवकरच्या फेरीचं बिल एक दिवस सरकतं. रात्री १० ची मर्यादाही पहाटे साडेतीनला जाऊन बसते, तोवर गाडी भरून झालेली असते. दुपारी ऑफिसात टेस्टिंग करणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. म्हणून एकदा रात्री दहाच्या अलीकडे-पलीकडे आणि एकदा पहाटे पाचला स्वतः वापरून बघा.

पैशाचंही तसंच. यूपीआयने ५०० रुपये भरा आणि ॲपवर परत यायच्या आत ते बंद करा. थोड्या वेळाने उघडल्यावर शिल्लक वाढलेली दिसली पाहिजे. दिसत नसेल तर ॲप फोनच्या उत्तरावर विसंबून आहे. गेटवे थेट सर्व्हरला जो निरोप पाठवतो, त्या वेबहुकवर नाही. उलटी चाचणीही हवी: तोच निरोप दोनदा आला तर ५०० चे १००० होत नाहीत ना, हे गेटवेच्या टेस्ट मोडमध्ये (खरे पैसे न कापता) समोर करून दाखवायला सांगा.

अंदाजाबद्दल थोडंच. कुठलंही काम तीन दिवसांपेक्षा मोठं असेल तर तोडायला सांगा. ‘किती दिवस?’ याच्या जोडीला ‘अडकलं तर कुठे अडकेल?’ हे विचारा. अंदाज चुकल्यावर आरडाओरडा केलात तर पुढच्या वेळी दोन दिवसांच्या कामाला सहा सांगितले जातील, त्यातून तुम्हाला काहीच कळणार नाही. आणि रात्री व्हॉट्सॲपवर ‘एक छोटासा बदल’ असे व्हॉइस मेसेज टाकणं सोडा. अर्ध्या उशिरांचं मूळ मालकाच्या फोनमध्ये सापडतं. नवी मागणी यादीत तळाला, क्रम बदलायचा तो बुधवारीच. अपवाद दोन: पैसे चुकतायत किंवा दूध पोहोचत नाहीये.

कागदपत्रं बघितलीत का? फ्रीलान्सरला पैसे दिले म्हणून कोड आपोआप तुमचा होत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ मध्ये मालकाला मिळणारा तो हक्क नोकरीत केलेल्या कामाचा आहे. फ्रीलान्सरकडून कलम १९ प्रमाणे लेखी, सहीनिशी हस्तांतरण लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून ‘कायमस्वरूपी, जगभरासाठी’ हे शब्द हवेत. वकिलाकडून एका पानाचा करार करून घ्या. उरलेल्या रकमेतले १५ ते २० टक्के ॲप चालू झाल्यावर ३० दिवसांनी द्यायचे असं त्यातच घाला.

तुमच्याकडची कोडची प्रत तिसऱ्या अनुभवी माणसाला पैसे देऊन चार तास दाखवा. ‘कोड चांगला आहे का?’ असं विचारू नका, प्रत्येक डेव्हलपरला दुसऱ्याचा कोड वाईटच वाटतो. तीन प्रश्न विचारा: लिहिलेल्या सूचना वाचून नवा माणूस अर्ध्या दिवसात प्रोजेक्ट चालू करू शकतो का? गेटवेच्या पासवर्डसारख्या गुप्त किल्ल्या कोडमध्येच लिहून ठेवल्यात का? कालचा बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर चढवून ग्राहकांची यादी दिसते का? तिसरा सगळ्यात महत्त्वाचा आहे. बॅकअप ‘घेतला जातो’ पण परत कधी चढवूनच पाहिलेला नसतो, हे फार ठिकाणी आढळतं.

एवढं करून चार बुधवार गेले आणि हातात काहीच चालत नसेल, तर माणसं बदला. पण दोघांना एकाच दिवशी काढू नका. नव्या माणसाने एखादा किरकोळ बदल स्वतः स्टेजिंगवर आणि मग खऱ्या सर्व्हरवर चढवून दाखवेपर्यंत जुन्यांपैकी एकाला मानधनावर ठेवा. ते जमलं की त्याच दिवशी सगळे पासवर्ड आणि गेटवेच्या किल्ल्या बदलून टाका.